दैवाचे पाचवे स्थान
गीतेने कर्माच्या पाच कारणांत दैवाला पाचवे स्थान दिले. आपण मात्र दरड कोसळली की त्यालाच पहिले देतो, कारण ते सोयीचे असते. केरळात मुन्नारच्या डोंगरउतारात अमृता विद्यापीठाच्या संशोधकांनी जे संवेदक खोल पुरले, ते मातीत मुरलेल्या पाण्याचा वाढता दाब मोजून बिनतारी लहरींनी कळवितात, आणि २००९ च्या जुलैत त्यावरूनच रहिवाशांना इशारा देण्यात आला. पण यंत्राला दाब कळतो, दया नव्हे. भर पावसात, मध्यरात्री, दारे ठोठावण्याचा हुकूम माणसानेच द्यावयाचा, आणि इशारा फोल ठरल्यास बोलणीही त्यानेच खावयाची. २०१४ च्या जुलैअखेर पुणे जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले, तेव्हा गाव दिसत नसल्याची वर्दी एस. टी.च्या चालकाने दिली.