एका टाळीने काय होतं?

जानेवारीतला रविवार होता. नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला, जिथे इमारती संपतात आणि खारफुटी सुरू होते, तिथल्या एका तळ्याच्या काठावर मी उभी होते. समोर काही शे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी. सगळे एका पायावर, मान पिसांत खुपसून, गपगार. वीस मिनिटं मी मोबाइल धरून थांबले. काहीच होईना. मग मी जोरात टाळ्या वाजवल्या.

थवा उडाला. पंखांखालचा तो गुलाबी-काळा रंग, खालच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब, मागे टॉवर. अठरा सेकंदांचा व्हिडिओ. मला कोणी ओरडलं नाही. उलट शेजारच्या काकांनी विचारलं, "परत एकदा करणार का? माझा कॅमेरा चालू नव्हता."

त्या व्हिडिओला माझ्या आजवरच्या कुठल्याही पोस्टपेक्षा जास्त व्ह्यूज आले. खाली सगळ्यांचा एकच प्रश्न होता : लोकेशन?

ते पक्षी तिथे का उभे होते, हे मला नंतर कळलं. खरं तर जायच्या आधी कळायला हवं होतं. फ्लेमिंगो खाडीतल्या चिखलावर जेवतात. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालायची, चिखलपाणी गाळायचं आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ, बारीक जीव खायचे. त्यांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पण हे जेवण फक्त ओहोटीला मिळतं. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी खाडीलगतच्या उथळ तळ्यांवर, पाणथळ जागांवर येऊन थांबतात. पाणी उतरेपर्यंतची ती विश्रांती. दिवसातून दोनदा, समुद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे. उभं राहण्यापेक्षा उडायला कितीतरी पट शक्ती लागते, आणि उन्हाळा सरला की यातल्या अनेकांना कच्छपर्यंत परत जायचं असतं. म्हणजे मी जे उडवलं, ती कोणाची तरी दुपारची झोप होती.

आता यावरचं सोपं उत्तर माझ्याकडे तयार होतं : एका टाळीने काय होतं? एक फेरी मारली, परत बसले. कोणी मेलं नाही.

हे उत्तर खोटं नाही, आणि म्हणूनच ते त्रास देतं. डेरेक पार्फिट नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ साली ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात एक कल्पना मांडली आहे. हजार माणसांचा छळ चालू आहे आणि छळणारेही हजार आहेत. प्रत्येक जण एक बटण दाबतो. त्या बटणाने हजारातल्या प्रत्येकाची वेदना इतकी किंचित वाढते की ज्याला ती होते त्यालाही फरक कळत नाही. हजार बटणं दाबून झाली की मात्र सगळे असह्य यातनेत असतात. यातला कोणीही म्हणू शकतो, "मी कोणाला काही केलं नाही." आणि सुटं पाहिलं तर त्याचं खरंच असतं. थेंबे थेंबे तळे साचे, असं आपण बचतीसाठी शिकवतो. तळं रिकामंही तसंच होतं, हे त्याच म्हणीत आहे, पण ते कोणी शिकवत नाही.

माझी टाळी एक होती. पण रविवारच्या एका भरतीला त्या काठावर किती लोक येतात? कोणी टाळी वाजवतो, कोणी खडा मारतो, कोणाचा ड्रोन, कोणाचा कुत्रा. आणि मी तर फक्त टाळी वाजवून थांबले नव्हते. मी लोकेशन सांगितलं होतं. विचारणाऱ्या प्रत्येकाला, हौसेने.

मग जायचंच नाही का? माझी एक मैत्रीण ठामपणे हेच म्हणते. निसर्गावर प्रेम असेल तर घरी बसा, तो आपल्याशिवाय बरा आहे. ऐकायला हे फार स्वच्छ वाटतं. मला पटत नाही.

कारण शहराच्या कडेला असलेली पाणथळ जागा कोणी पाहिली नाही तर ती पाणथळ राहत नाही. ती ‘रिकामी जागा’ होते. रात्री ट्रक येतो, भराव पडतो. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजते, दोन उन्हाळ्यांत तळं सुकतं, आणि मग सगळे म्हणतात, इथे होतंच काय? अशा वेळी तक्रार करणारे कोण असतात? रोज फिरायला येणारे, पक्षी मोजणारे, पाणी कमी झालेलं ज्यांच्या लक्षात येतं ते. म्हणजे आधी पाहायला गेलेलेच. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. कोणी पाहिलंच नसतं तर कागदावर लिहायला काय होतं? आणि खाडीला दर्जा मिळाला म्हणून भरतीच्या वेळची प्रत्येक तळी आपोआप सुरक्षित होत नाहीत. पक्ष्याला दोन्ही लागतात, जेवणघर आणि ओसरी.

(फ्लेमिंगो गुलाबी नसते तर आपण इतके आलो असतो का, हाही प्रश्न आहे. त्याच चिखलात निवटी उड्या मारत असते, खेकडे बिळं करत असतात. निवटीचा रील मी अजून पाहिलेला नाही.)

पाहणं आणि सांभाळणं एकत्र कसं जमतं, ते मी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पाहिलं होतं. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर अंडी घालतात. पूर्वी ती अंडी काढून नेली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांबरोबर काम सुरू केलं, अंडी सुरक्षित जागी हलवून जपायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव आला, आणि गावातल्या घरांत पाहुणे राहू लागले. पिल्लं वाळूतून वर आली की त्यांना पाण्याच्या दिशेने सोडतात. पाहणाऱ्यांनी दोरीच्या मागे थांबायचं आणि फ्लॅश मारायचा नाही, कारण पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं आणि भलताच उजेड त्याला समुद्रापासून दूर नेऊ शकतो.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी टोपली उचलली तर खाली नुसती वाळू. एकही पिल्लू नाही. गर्दीतला एक जण चिडला, "सहा तास गाडी चालवून आलोय आम्ही." दोरी धरून उभा असलेला गावातला मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, कासवांना सांगितलं नव्हतं तुम्ही येणार ते." सगळे हसले. मीही हसले.

नेरुळच्या तळ्यावर मी त्या काकांपेक्षा वेगळी नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मीही तेच म्हणत होते : आले आहे, तर दाखवा. फक्त तिथे दोरी नव्हती आणि दोरी धरणारा मुलगाही नव्हता. वेळासला मी शहाण्यासारखी वागले याचं श्रेय माझं नव्हतं, दोरीचं होतं. पाहण्याची किंमत असते आणि ती बहुतेक वेळा वाट पाहण्यात द्यावी लागते. काही वेळा काहीच न दिसता परत येऊन. ती मी दिली नाही, पक्ष्यांकडून वसूल केली.

मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले. माझ्या जानेवारीतल्या टाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरी ती बातमी वाचल्यावर मी पहिल्यांदा उघडला तो माझाच व्हिडिओ. तो अजून तिथेच आहे. काढून टाकला तर मी बरी ठरते, पण ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यात ‘टाळी वाजवली की उडतात’ हे राहतंच. म्हणून वर एवढंच लिहिलं आहे की हे मी उडवले होते आणि उडवायला नको होते. लोकेशन आता सांगते का? ओळखीच्यांना, भरतीची वेळ आणि दुर्बिणीसह. बाकीच्यांना नाही. हे बरोबर आहे का, याबद्दल मी ठाम नाही. ओळखीचे तेवढे शहाणे, हा हिशोब मलाच खटकतो.

पुढच्या हिवाळ्यात परत गेले. भरतीची वेळ बघून, पण यावेळी बसायला वर्तमानपत्र घेऊन. पक्षी तसेच, एका पायावर. तास गेला. शेजारी सात-आठ वर्षांचा एक मुलगा कंटाळून उभा होता.

"ताई, हे उडत का नाहीत?"

"त्यांची जेवायची जागा पाण्याखाली गेलीय. पाणी उतरायची वाट बघतायत."

त्याच्या मुठीत खडा होता. खडा टाक म्हणायला माझी जीभ रेटेना. मी मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता उघडून त्याला दाखवला. साडेबाराच्या सुमारास चिखल उघडा पडायला लागेल, मग ते आपले आपण जातील. त्याने आकडे नीट पाहिले, आणि आईकडे पळाला, साडेबारापर्यंत थांबूया का म्हणून विचारायला.