डिस्प्ले येत नाही: अभावाचे ज्ञान आणि कारणाचा शोध

सुटे भाग आणून घरी जोडलेला डेस्कटॉप पहिल्यांदा चालू केला की पुष्कळदा पंखे फिरतात, मदरबोर्डवरचे दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. मॉनिटर थोडा वेळ ‘नो सिग्नल’ दाखवतो आणि काळा होतो. समोर असते ती एका गोष्टीची अनुपस्थिती, आणि शोधायचे असते तिचे कारण. त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधीच प्रमाणशास्त्रातला एक जुना प्रश्न उभा राहतो: जे नाही त्याचे ज्ञान कशाने होते, आणि त्या ज्ञानावरून पुढे काय सिद्ध करता येते?

जमिनीवर घट नाही, हे दर्शनकारांचे ठरलेले उदाहरण. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात असे प्रतिपादन केले की घटाचा अभाव इंद्रियांनी कळू शकत नाही, कारण इंद्रियांचा संबंध येतो तो असलेल्या वस्तूशी. म्हणून अनुपलब्धी हे सहावे, स्वतंत्र प्रमाण मानले पाहिजे. अद्वैत वेदान्त्यांनी ते स्वीकारले. प्राभाकर मीमांसकांना अभाव नावाचा वेगळा पदार्थच मान्य नाही. त्यांच्या मते तिथे दिसते ती नुसती जमीन. नैयायिकांच्या मते अभाव हा खरा पदार्थ आहे आणि तो प्रत्यक्षानेच कळतो, मात्र त्या प्रत्यक्षाला योग्य अनुपलब्धीचे साहाय्य लागते. या साऱ्या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘योग्य’ ही अट. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच तिचे न दिसणे काही सांगते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे ठरत नाही.

ही अट काळ्या पडद्याला लावली की तपासणीची पहिली पायरी ठरून जाते. आधी पडद्याचीच योग्यता पाहायची. तोच मॉनिटर त्याच केबलने एखाद्या चालू लॅपटॉपला लावून चित्र येते का, मॉनिटरच्या मेन्यूत निवडलेले इनपुट आणि केबल लावलेले इनपुट एकच आहे का, आणि केबलचे दुसरे टोक नेमके कुठे आहे, हे तीन प्रश्न इतर सगळ्यांच्या आधी येतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावणे ही फार आढळणारी चूक आहे. इंटेलचा आय५-१२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स यांसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सचा भागच नसतो. अशा प्रोसेसरबरोबर मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टमधून चित्र कधीच येणार नाही, यंत्र कितीही निर्दोष असले तरी. हा टप्पा क्षुल्लक वाटतो म्हणून वगळला जातो, आणि मग चांगली रॅम बदलून घेण्यासाठी दुकानात नेली जाते. ऐकू न येणाऱ्या गोष्टींनाही हीच अट लागू आहे. बीप वाजली नाही म्हणजे मदरबोर्ड मेला, हा निष्कर्ष जुन्या यंत्रांच्या आठवणीतून येतो. आजच्या अनेक बोर्डांबरोबर तो छोटा स्पीकर येतच नाही. जे वाजू शकत नव्हते त्याच्या न वाजण्याला प्रमाणाचा दर्जा देता येत नाही.

पडदा योग्य ठरला, तरी त्यावरून किती सिद्ध होते हे पाहण्यासाठी चित्र येण्याआधी काय काय घडावे लागते ते समजून घ्यावे लागते. बटण दाबल्यावर एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारा भाग, १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे स्थिर करतो आणि काही शे मिलिसेकंदांत ‘वीज ठीक आहे’ असा संकेत बोर्डाला देतो. तो संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर रोखून धरलेला असतो. त्यानंतर बोर्डावरच्या फ्लॅश चिपमधले फर्मवेअर, ज्याला सवयीने बायोस म्हणतात, कामाला लागते. या क्षणी रॅम वापरण्याजोगी झालेली नसते. इंटेलच्या प्रोसेसरवर फर्मवेअर तोवर प्रोसेसरच्या कॅशमध्येच आपला हिशेब मांडते. एएमडीच्या झेन कुळात रॅम तयार करण्याचे काम प्रोसेसरच्या आतला एक वेगळा, छोटा प्रोसेसर करतो. रॅमच्या प्रत्येक तारेवरची वेळ जुळवून घ्यावी लागते, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते पार पडले की ग्राफिक्स शोधले जाते, त्याचे स्वतःचे फर्मवेअर चालवले जाते, आणि तेव्हा कुठे पहिले चित्र उमटते. म्हणजे चित्र हे या साखळीतले शेवटाकडचे कार्य आहे. त्याच्या आधी काहीही अडले तरी परिणाम एकच, काळा पडदा. यंत्राला स्वतःची तक्रार पडद्यावर लिहिता येत नाही, कारण लिहिण्याची सोय होण्यापूर्वीच ते थांबलेले असते.

इथे वैशेषिक सूत्रांतला एक विचार थेट उपयोगी पडतो. कणादांच्या मते कारणाच्या अभावावरून कार्याचा अभाव सिद्ध होतो; उलट दिशेने मात्र, कार्य नाही एवढ्यावरून कारण नाही असे म्हणता येत नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसताना ग्राफिक्स कार्डही नसेल तर चित्र नसेल, हे खरे. चित्र नाही म्हणून ग्राफिक्स कार्ड बिघडले, हे खरे असेलच असे नाही. बौद्ध नैयायिक धर्मकीर्तींनी न्यायबिंदूत अनुपलब्धीचे अकरा प्रकार सांगताना या मुद्द्याला अधिक धार दिली. धूर दिसत नाही, यावरून त्यांनी धुराची कारणेच नाहीत असे अनुमान काढू दिले नाही. ज्यांच्या सामर्थ्याला कुठलाही अडथळा नाही अशी कारणे तिथे नाहीत, एवढेच त्यातून निघते. हे विशेषण वगळले की अनुमान कोसळते. काळ्या पडद्यावरून काटेकोरपणे मिळणारे ज्ञान एवढेच आहे की संपूर्ण, अबाधित कारणसामग्री जुळलेली नाही. प्रत्येक भाग जागेवर आणि सुस्थितीत असूनही हे घडू शकते. २०१८च्या बी४५० बोर्डावर २०२०चा रायझन ५००० प्रोसेसर बसवला आणि बोर्डातले बायोस जुने असले, तर दोन्ही भाग निर्दोष असूनही चित्र येत नाही. प्रोसेसरची ओळख त्या बायोसला नसते.

सामग्रीचा हा विचार नवव्या शतकातल्या काश्मीरच्या जयंत भट्टांनी न्यायमंजरीत केला. फल निर्माण होते ते कुठल्या एका प्रमुख कारणामुळे नव्हे, तर सगळी कारणे एकत्र जमल्यामुळे, अशी त्यांची भूमिका. फ्रेंच पदार्थवैज्ञानिक पिएर द्युएम यांनी १९०६च्या ग्रंथात प्रयोगाबद्दल याच्याजवळची गोष्ट म्हटली: भाकीत चुकले तर गृहीतकांच्या समूहात काही तरी चूक आहे एवढेच कळते, कुठले गृहीतक चुकले ते प्रयोग सांगत नाही. घरी जोडलेल्या यंत्रात ही अडचण अधिक खोल असते. तयार विकत घेतलेला संगणक कारखान्यात एकदा तरी चालून आलेला असतो, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जोडून घेतलेला बहुधा डिस्प्ले दाखवूनच हातात दिला जातो. घरी जोडलेली सामग्री मात्र याआधी कधी एकत्र आलेलीच नसते. ती चालते याला एकही दृष्टान्त नाही. भाग एकमेकांशी जुळतात हे कळलेले असते ते शब्दप्रमाणाने, म्हणजे बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या प्रोसेसर आणि रॅमच्या यादीवरून. म्हणून ‘आजवर चालत होता, आता डिस्प्ले येत नाही’ आणि ‘कधीच आला नाही’ या दोन तक्रारी दिसायला सारख्या असल्या तरी ज्ञानाच्या दृष्टीने अगदी वेगळ्या आहेत. पहिलीत सामग्री पुरी होती हे सिद्ध आहे आणि काय बदलले एवढे शोधायचे आहे. दुसरीत सामग्री पुरी आहे हेच अजून सिद्ध व्हायचे आहे.

या दोन तक्रारींतला भेद तर्कसंग्रहात अन्नंभट्टांनी मांडलेल्या चतुर्विध अभावात आधीच आहे. चालत असलेले बंद पडले तो प्रध्वंसाभाव. ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरच्या बोर्डावरच्या पोर्टात चित्राचा अत्यंताभाव. मॉनिटरचे पहिले इनपुट म्हणजे दुसरे नव्हे, हा साधा अन्योन्याभाव. पण दुरुस्तीत सर्वाधिक फसवतो तो प्रागभाव, उत्पत्तीच्या आधीचा अभाव, ज्याला सुरुवात नाही पण शेवट आहे. डीडीआर५ रॅमच्या यंत्रांत, विशेषतः २०२२ साली आलेल्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर, पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगला काही मिनिटे लागू शकतात. त्या काळात पडदा काळा असतो, पंखे फिरत असतात, आणि बिघाड झालेला नसतो. दोन मिनिटांनी घाबरून बटण दाबून ठेवले की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि जो अभाव आपोआप संपणार होता तो माणसाच्या हाताने लांबत जातो. प्रागभाव आणि अत्यंताभाव बाहेरून सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक फक्त काळ उघड करतो. नव्या यंत्रापुढे दहा-पंधरा मिनिटे शांतपणे वाट पाहणे हीसुद्धा तपासणीच आहे.

वाट पाहूनही काही घडले नाही तर यंत्राचे स्वतःचे सांगणे विचारात घ्यावे लागते. आजच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे असलेले चार छोटे दिवे असतात. महागड्या बोर्डांवर दोन आकड्यांचा संकेत दाखवणारी पट्टी असते. हे आप्तवाक्य आहे, पण त्याचा अर्थ नीट लावावा लागतो. डीरॅमचा दिवा लागून राहिला याचा अर्थ रॅमच्या टप्प्यावर काम थांबले, एवढाच. रॅम बरोबर खाचेत बसलेली नाही, दोन पट्ट्या चुकीच्या खाचांत आहेत (चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजता दुसरी आणि चौथी हव्या असतात), किंवा प्रोसेसर सॉकेटची पिन वाकली आहे, यांतले काहीही असू शकते. दिवा स्थान सांगतो, दोषी सांगत नाही. आणि एकही दिवा लागला नाही तर प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची आठ पिनांची जोडणी पाहायची. ती राहून गेली तरी २४ पिनांच्या मुख्य जोडणीवर पंखे फिरत राहतात, आणि फिरणारे पंखे म्हणजे चालू यंत्र असा भ्रम होतो.

यानंतरची पद्धत अन्वय-व्यतिरेकाची. कार्य ज्याच्या असण्याबरोबर असते आणि नसण्याबरोबर नसते, ते त्याचे कारण. हे तपासण्यासाठी आधी सामग्री कमीत कमी करतात: बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डही काढून. बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्या खोक्यावर ठेवला की चुकीच्या जागी बसलेल्या आधार-स्क्रूमुळे होणारे शॉर्टही बाजूला पडते. वीज पूर्ण तोडून बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी काढल्याने साठवलेली सेटिंग्ज पुसली जातात. या किमान रचनेत चित्र आले तर एकेक भाग वाढवत जायचे, आणि प्रत्येक वेळी एकच. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की अन्वय कुणाचा हे कधीच कळत नाही. घाईत असलेल्या माणसाला हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते.

नियम पाळूनही एक धोका उरतो, ज्याला नैयायिक उपाधी म्हणतात. अग्नी असेल तिथे धूर असतो, हे विधान खरे नाही, कारण त्यात ओल्या इंधनाची अट लपलेली असते. रॅमची पट्टी बदलली आणि डिस्प्ले आला, म्हणून जुनी पट्टी खराब, या अनुमानातही अशा अटी लपलेल्या असतात. पट्टी काढताना आणि घालताना खाचेतले संपर्क घासून साफ झाले. वीज तोडली गेली. आणि नवी पट्टी पाहून बोर्डाने जुन्या नोंदी टाकून ट्रेनिंग नव्याने केले; आधीची अडचण कदाचित रॅमचा वेग वाढवणाऱ्या एक्सएमपी या सेटिंगने लादलेल्या जास्त वेगाची होती. बदलणाऱ्याला एकच बदल दिसतो, यंत्रात मात्र चार झालेले असतात.

उपाधी ओळखण्याचा उपाय एकच आहे, आणि चित्र आल्याच्या आनंदात तो क्वचितच केला जातो: काढलेली जुनी पट्टी त्याच खाचेत परत घालून पाहणे. तिने पुन्हा काळा पडदा आणला तर व्यतिरेक पुरा होतो. चित्र आले तर पट्टी निर्दोष ठरते आणि कारण त्या तीन उपाधींपैकी एकात शोधावे लागते. ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानाने स्वतः सिद्ध होत नाही, त्यावर आधारलेल्या प्रवृत्तीच्या सफलतेने होते, असे न्यायमत आहे. एकदा चालू होणे ही सफलता पुरेशी नसते; सैल संपर्काचे किंवा कमजोर पुरवठ्याचे दोष यंत्र थंड असताना दिसतात आणि तापले की लपतात. त्यामुळे रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू करून पाहणे, आणि हे काही दिवस करणे, तपासणीत मोडते. कधी सगळे भाग काढून पुन्हा बसवल्यावर डिस्प्ले येतो आणि जुना दोष कुठल्याही भागाबरोबर परत आणता येत नाही. तेव्हा अभाव संपलेला असतो पण त्याचे कारण निर्णीत झालेले नसते, आणि अशा यंत्राच्या नोंदीत ‘रॅम खराब’ असे न लिहिता ‘पुन्हा जोडल्यावर चालू, कारण संदिग्ध’ असेच लिहावे लागते.