सामर्थ्य कार्डात की सामग्रीत?

एखादी वस्तू समर्थ आहे असे म्हटले जाते तेव्हा ते सामर्थ्य रंग किंवा वजन यांप्रमाणे त्या वस्तूतच वसलेले असते, की ज्या परिस्थितीत ती कार्य करते त्या परिस्थितीशी असलेल्या तिच्या संबंधालाच सामर्थ्य हे नाव मिळते, हा प्रश्न भारतीय दर्शनांत फार जुना आहे. बीज, अग्नी आणि कुंभाराचा दंड ही त्याची ठरलेली उदाहरणे होत. ही उदाहरणे निसर्गातली किंवा व्यवहारातली असल्यामुळे त्यांच्याभोवतीच्या परिस्थितीचे सर्व घटक मोजून मांडणे कोणालाच शक्य नसते. परिस्थिती माणसानेच लेखी नियमांनी बांधलेली असेल, तर मात्र या वादाची कसोटी अधिक काटेकोरपणे घेता येते, आणि संग्राह्य कार्डांचे खेळ हे असे एक क्षेत्र आहे.

संग्राह्य कार्डांच्या खेळात सर्वांसाठी एकच ठरलेला पत्त्यांचा जोड नसतो. प्रत्येक खेळाडू बंद पाकिटांतून आणि देवघेवीतून जमवलेल्या कार्डांतून स्वतःचा जोड, म्हणजे डेक, रचून खेळायला बसतो. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला आणि १९९३ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने बाजारात आणलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा या प्रकाराचा मूळ नमुना. पारंपरिक पत्त्यांत पानांचा क्रम नियमच लावून देतो. सावंतवाडीत आजही रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने असतात, आणि त्यांतील निम्म्या रंगांत दहाचे पान वजिराच्या खालोखाल श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्या रंगांत तेच दहाचे पान सर्वांत कनिष्ठ मानले जाते. म्हणजे तेथेही श्रेष्ठत्व आकड्यात नसून नियमात असते, पण निदान तो नियम खेळाडूला आधीपासून ठाऊक असतो. ‘मॅजिक’मध्ये असा क्रम कोठेच लिहिलेला नाही. आजवर निघालेल्या २५,००० हून अधिक वेगवेगळ्या कार्डांपैकी प्रत्येकावर ते काय करते एवढेच छापलेले असते, आणि ते किती चांगले आहे हे खेळाडूला अनुमानाने ठरवावे लागते.

हे अनुमान किती फसवे असते हे पहिल्याच संचातील पाच कार्डांवरून दिसते. कार्ड खेळण्यासाठी ‘मॅना’ नावाची काल्पनिक ऊर्जा खर्चावी लागते. ती मुख्यतः ‘लँड’ म्हणजे भूमी-कार्डांतून मिळते आणि एका पाळीत साधारणपणे एकच लँड मांडता येते, त्यामुळे डावाच्या सुरुवातीला मॅनाचे प्रत्येक एकक मोलाचे असते. या पाच कार्डांची रचना एकाच साच्यात केलेली होती : प्रत्येकाला एक मॅना द्यायचा आणि मोबदल्यात कशाची तरी तीन एकके घ्यायची. ‘लाइटनिंग बोल्ट’ तीन गुणांची इजा करते, ‘डार्क रिच्युअल’ तीन मॅना देते, ‘जायंट ग्रोथ’ एखाद्या प्राण्याचे बळ आणि चिवटपणा पाळीपुरता तीन-तीनने वाढवते, ‘हीलिंग साल्व्ह’ तीन आयुष्यगुण परत देते किंवा तीन गुणांची इजा टाळते, आणि ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ तीन कार्डे उचलू देते. यांपैकी शेवटचे कार्ड या खेळाच्या इतिहासातील सर्वांत प्रबळ कार्डांत गणले जाते, तर ‘हीलिंग साल्व्ह’ला गंभीर खेळाडू हात लावत नाहीत.

न्यायशास्त्राच्या भाषेत हा दोष उपाधीचा आहे. हेतू आणि साध्य यांच्या नित्य साहचर्याला, म्हणजे एक असेल तेथे दुसरे असतेच या नियमाला, व्याप्ती म्हणतात. आणि वरवर दिसणारी व्याप्ती प्रत्यक्षात एखाद्या तिसऱ्याच अटीवर अवलंबून असेल तर त्या अटीला उपाधी म्हणतात. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हे विधान चुलीपाशी खरे वाटते, परंतु तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, कारण धुरासाठी ओले इंधन लागते आणि ते त्या गोळ्यात नाही. ‘जेथे एकाला तीन तेथे सामर्थ्य’ हे विधानही याच जातीचे होय. तीन हा आकडा पाचही कार्डांत आहे. जे तीन मिळतात ते डाव जिंकण्याच्या कामी कितपत वळवता येतात ही अट मात्र पाचांत समान नाही. उचललेली कार्डे कोणत्याही हेतूकडे वळवता येतात. परत मिळालेले आयुष्यगुण पराभव थोडा लांबवतात, आणि बहुधा तेवढेच करतात.

आयुष्यगुणांविषयी खेळाडूंचा आणखी एक समज १९९५ च्या ‘आइस एज’ संचातील ‘नेक्रोपोटेन्स’ या कार्डाने मोडला. हे कार्ड खेळाडूची दर पाळीची हक्काची उचल काढून घेते आणि त्याऐवजी प्रत्येक आयुष्यगुणाच्या मोबदल्यात एक कार्ड देऊ करते. प्रत्येक खेळाडू वीस आयुष्यगुणांनिशी सुरुवात करतो आणि ते शून्यावर आले की हरतो. त्यामुळे स्वतःच्याच आयुष्याचा व्यय करणारे कार्ड प्रथमदर्शनी अनेकांना आत्मघातकी वाटले. पुढच्याच वर्षी या कार्डाभोवती रचलेले डेक स्पर्धांवर राज्य करू लागले, कारण नियमांच्या दृष्टीने वीस गुण असलेला आणि एक गुण असलेला खेळाडू हे दोघेही सारखेच जिवंत असतात. शेवटच्या गुणाआधीचे एकोणीस गुण हे साध्य नसून साधन आहेत. साधनालाच साध्य मानण्याची ही चूक खेळापुरती मर्यादित नाही, पण खेळात तिचा हिशेब तासाभरात चुकता होतो.

येथवरच्या विवेचनावरून सामर्थ्य हे सर्वस्वी परिस्थितीवर अवलंबून असते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु दर्शनांतील वाद याहून सूक्ष्म आहे. प्रभाकर मिश्रांच्या मीमांसा-परंपरेने शक्ती हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. तिचा युक्तिवाद असा : अग्नीजवळ विशिष्ट मणी ठेवला असता अग्नी जाळत नाही आणि मणी दूर केला की पुन्हा जाळू लागतो, दोन्ही वेळी अग्नीचे दिसणारे रूप तेच असते, त्या अर्थी मण्यामुळे नष्ट होणारी आणि तो हलवल्यावर पुन्हा उपजणारी दाहशक्ती अग्नीत वेगळी असली पाहिजे. विश्वनाथ पंचाननांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त याचे नैयायिक उत्तर येते : निराळी शक्ती मानण्याचे कारण नाही, मण्याचा अभाव हाच दाहाच्या कारणांपैकी एक मानला की पुरते. कार्याला लागणाऱ्या सर्व कारणांच्या समुदायाला सामग्री म्हणतात, आणि प्रतिबंधकाचा, म्हणजे अडवणाऱ्या वस्तूचा, अभाव हाही त्या सामग्रीचाच घटक ठरतो.

‘मॅजिक’मधील सर्वांत प्रसिद्ध कार्ड, ‘ब्लॅक लोटस’, मीमांसकांच्या बाजूचा साक्षीदार वाटते. ते फुकट खेळता येते आणि त्याचा त्याग केला की एकाच रंगाचे तीन मॅना मिळतात; असा डेक सांगणे कठीण, ज्यात ते निरुपयोगी ठरेल. (त्याची आजची डोळे विस्फारणारी किंमत हा मात्र वेगळा विषय आहे, कारण तिच्यात दुर्मीळतेचाही वाटा असतो आणि दुर्मीळतेने डाव जिंकता येत नाही.) सर्वत्र टिकणारे हे सामर्थ्य पाहून ते कार्डाच्या अंगचेच आहे असे कोणालाही वाटेल. तरीही १९९७ च्या ‘वेदरलाइट’ संचातील ‘नल रॉड’ हे कार्ड मांडले गेले की लोटससारख्या कृत्रिम वस्तूंचे, म्हणजे ‘आर्टिफॅक्ट’ प्रकारच्या कार्डांचे, वापरून घ्यायचे गुण वापरताच येत नाहीत, आणि लोटस पटावर असूनही नुसता पडून राहतो. नल रॉड हा नैयायिकांचा मणीच होय. लोटसचे सामर्थ्य सर्वत्र दिसते त्याचे खरे कारण असे की त्याला जे साहाय्य लागते, म्हणजे मॅनाची गरज असलेला डेक आणि वेगाला बक्षीस देणारा खेळ, ते साहाय्य खेळाच्या मूळ नियमांतच गुंफलेले आहे. नैयायिक काल, दिक् इत्यादींना साधारण कारणे म्हणतात, कारण ती प्रत्येक कार्याच्या सामग्रीत असतातच आणि म्हणूनच कोणी त्यांचा उल्लेख करत नाही. सर्वत्र असलेले साहाय्य दिसेनासे होते आणि त्याचे श्रेय वस्तूच्या स्वभावाला दिले जाते, हाच येथील भ्रम आहे.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. २००६ च्या ‘कोल्डस्नॅप’ संचात ‘डार्क डेप्थ्स’ नावाचे भूमी-कार्ड आले. ते दहा हिमचिन्हांसह पटावर येते, एक चिन्ह काढायला तीन मॅना लागतात, आणि सर्व चिन्हे गेली की त्यातून वीस बळाचा, उडणारा आणि नष्ट न होणारा राक्षसी प्राणी बाहेर पडतो, जो एका घावात प्रतिस्पर्ध्याचे वीस आयुष्यगुण संपवू शकतो. तीस मॅना खर्चण्याइतका वेळ चुरशीच्या डावात कोणाला मिळत नाही, म्हणून हे कार्ड गमतीचे मानले गेले. २००९ मध्ये ‘झेंडिकार’ संचात दोन मॅनांची ‘व्हँपायर हेक्समेज’ आली, जिचा त्याग केला असता एखाद्या वस्तूवरील सर्व चिन्हे एकदम निघून जातात. तीस मॅनांचे काम दोन मॅनांत होऊ लागले आणि डार्क डेप्थ्स भयप्रद कार्ड बनले, तेही त्याच्यावरचे एक अक्षर न बदलता. मग २००६ मध्ये त्याला दुर्बळ ठरवणारे चुकले होते काय?

कोठारातील बीज आणि शेतातील बीज यांवरून बौद्ध आणि नैयायिक यांच्यात झालेला वाद नेमका येथे लागू पडतो. अर्थक्रिया, म्हणजे कार्य घडवून आणणे, हेच सत्तेचे लक्षण मानणाऱ्या बौद्ध तार्किकांचे म्हणणे असे की समर्थ वस्तू कार्य करायला विलंब लावत नाही. कोठारातील बीज अंकुर देत नाही म्हणून ते असमर्थ, शेतातील देते म्हणून ते समर्थ, आणि समर्थ व असमर्थ एकच असू शकत नाहीत, सबब ती दोन निराळी क्षणिक बीजे आहेत. या मताने २००६ चे आणि २००९ चे डार्क डेप्थ्स ही दोन कार्डे ठरतील. उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त या क्षणभंगवादाचा प्रतिवाद केला : बीज तेच आहे आणि समर्थही आहे, पण माती व पाणी या सहकारी कारणांची ते वाट पाहत असते. पुढे नव्य नैयायिकांनी हा भेद पारिभाषिक केला. रानात उभ्या असलेल्या काठीत घट घडवण्याची स्वरूपयोग्यता, म्हणजे जातीने असलेली पात्रता, असते. कुंभाराच्या चाकावर फिरणारा दंड फलोपधायक, म्हणजे प्रत्यक्ष फळ देणारा, असतो.

कार्डांच्या परीक्षणाला हा दुसरा मार्गच मानवतो, कारण पहिल्या मार्गाने गेल्यास कोणतेही परीक्षण आगाऊ करताच येणार नाही आणि प्रत्येक निकाल डाव संपल्यानंतरचा राहील. डार्क डेप्थ्सची स्वरूपयोग्यता २००६ मध्येही वाचता येत होती. तीस मॅनांचा अडसर कोणी तरी एक दिवस उचलू शकेल हे त्याच्या मजकुरातच होते. तेव्हाच्या परीक्षकांचे ‘हे कार्ड आज फळ देत नाही’ हे विधान बरोबर होते, आणि ‘हे कार्ड दुर्बळ आहे’ हे विधान अपुरे होते.

फळावरून सामर्थ्याकडे उलट जाण्याचा मार्गही दिसतो तितका सरळ नाही. साठ कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या साधारणपणे जास्तीत जास्त चार प्रती ठेवता येतात, आणि चार प्रती असल्या तरी सुरुवातीच्या सात कार्डांत त्यांपैकी एखादी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच असते. एकच प्रत असेल तर ती १२ टक्क्यांच्या आत येते. म्हणून एका डावाचा जय कशाचाच पुरावा नसतो आणि अन्वय-व्यतिरेकाची, म्हणजे कार्ड हाती आले तेव्हा काय झाले आणि न आले तेव्हा काय झाले या तुलनेची, हजारो आवर्तने लागतात. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या डावांमुळे अशी आवर्तने आज सहज उपलब्ध झाली आहेत, परंतु उपाधी तेथेही पिच्छा सोडत नाही : एखादे अवघड कार्ड निष्णात खेळाडूच वापरत असतील, तर आकडेवारीत कार्डाचे म्हणून जे सामर्थ्य दिसेल ते त्यांच्या कौशल्याचे असेल.

स्वतः रचनाकारांनाही सामग्रीचा अंदाज चुकतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे २००४ च्या ‘डार्कस्टील’ संचातील ‘स्कलक्लॅम्प’. हे अवजार ज्या प्राण्याला चढवावे त्याचे बळ एकाने वाढते आणि चिवटपणा एकाने घटतो, आणि तो प्राणी मेला की खेळाडूला दोन कार्डे मिळतात. घटणारा चिवटपणा पाहताक्षणी उणीव वाटतो. प्रत्यक्षात एक चिवटपणाचा कोणताही क्षुद्र प्राणी अवजार चढताच मरू लागला, आणि एका मॅनाला दोन कार्डे असा अखंड ओघ सुरू झाला. प्रतिबंधक वाटलेली गोष्टच सहकारी ठरली. त्याच वर्षी ‘स्टँडर्ड’ या चालू संचांपुरत्या मर्यादित स्पर्धाप्रकारात त्याच्यावर बंदी आली. बंदीच्या याद्या स्पर्धाप्रकारानुसार निरनिराळ्या काढल्या जातात, एकच सार्वत्रिक यादी काढली जात नाही, हीच या वादात नैयायिकांच्या बाजूने पडलेली व्यवहाराची साक्ष आहे : स्कलक्लॅम्पला जुन्या कार्डांच्या ‘लेगसी’ या स्पर्धाप्रकारात मनाई आहे, तर त्याहून अधिक प्रबळ कार्डे चालणाऱ्या ‘व्हिंटेज’मध्ये त्याच्या चारही प्रती ठेवता येतात.