दिवाणखान्यातील बाटली

सांगलीकडील एका कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद द्यायला गेलो होतो. यजमानांनी जुन्या सागवानी कपाटाचे दोन कप्पे घासूनपुसून, मागे आरसा बसवून दिवाणखान्यात छोटासा 'बार' सजवला होता. चार पेले, दोन बाटल्या, एक पितळी तबक. खर्च बेताचा, अभिरुची मात्र खरी. समोरच्या भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर. यजमान किंचित संकोचून म्हणाले, "फादर, हे पाप तर नाही ना?"

द्राक्षारसाला पाप ठरवणे निदान कॅथलिक धर्मगुरूला तरी शक्य नाही. वेदीवरील द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांपासूनच केलेला व न बिघडलेला असावा, असे १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतील ९२४ वे कलम सांगते. काना गावच्या लग्नात प्रभूने सहा रांजण भरवले, ते काही औषधापुरते नव्हे. शिवाय तासगावच्या द्राक्षांवर आपल्या भागातील कितीतरी चुली पेटतात, आणि पलूसला वाइन पार्कही उभे राहिले आहे. बाटलीकडे पाहून नाक मुरडणे हा आपल्याकडे दांभिकपणाच ठरेल.

पण यजमानांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नव्हता. संत थॉमस अक्विनास म्हणतात की द्राक्षारस स्वतः निषिद्ध नाही. तो निषिद्ध होतो काही कारणांनी. पिणाऱ्याला तो सहज बाधत असेल, त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल, प्रमाण सुटले असेल, अथवा त्यामुळे दुसऱ्याला अडखळण होत असेल तर. पहिली तीन कारणे आपण स्वतःपुरती तपासतो. चौथे तपासायला मात्र घरात कोण कोण येते हे आठवावे लागते.

यजमानांचा धाकटा भाऊ सहा महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून परतला होता. जेवायला बसताना त्याने खुर्ची फिरवून कपाटाकडे पाठ केली. ते माझ्याखेरीज कोणाच्या ध्यानात आले की नाही, कोण जाणे.

दारूचे दुकान बंद करण्यासाठी आपल्याकडे गावातील स्त्रिया मतदान करतात, तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडवीला मत दिले की दुकानाला टाळे. (बुचाची वाइन मुळात आडवीच ठेवतात, बूच सुकू नये म्हणून, पण हे त्या मायबहिणींना सांगण्यात अर्थ नाही.) घरातल्या बाटलीवर असे मतदान कोणी घेत नाही. सरकारी परवाना लागतो, तो १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये मिळतोही. पण त्या अर्जात भावाचा रकाना नसतो.

हे सारे मी यजमानांना शांतपणे, स्वयंपाकघराच्या दारात सांगितले. आशीर्वादाचे पाणी त्या कपाटावरही शिंपडले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर ते भेटले, तेव्हा सुताराला बोलावल्याचे म्हणाले. कप्प्यांना दार बसणार होते, कुलपासह.