धर्म मिळाला, येशू कधी भेटतो?

अंधेरीच्या मरोळ किंवा आंबोली गावठाणात शिरलं की दोन इमारतींच्या बेचक्यात हार घातलेला क्रूस हमखास दिसतो. उपनगरांतले असे कितीतरी क्रूस 1896च्या प्लेगच्या काळात उभे राहिले. मे महिन्यात संध्याकाळी शेजारीपाजारी तिथे जमतात, रोझरी म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. पोराटोरांनाही या प्रार्थना तोंडपाठ. पण तोंडपाठ प्रार्थनेतला येशू ओळखीचा असतोच असं नाही.

ही खंत पंडिता रमाबाईंनी फार प्रामाणिकपणे मांडली आहे. सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकचं बंगाली शुभवर्तमान सापडलं. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत पंडिता त्या, धर्मगुरूंशीही तत्त्वांवरून वाद घालत. तरी बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही. विशेष म्हणजे तो गवसल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणायचं काम त्या 1922 साली मृत्यू येईपर्यंत करत राहिल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं.

नारायण वामन टिळकांची सुरुवात रेल्वेच्या डब्यात झाली. 1893 साली राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. हे वाक्य नुसतं कवीचं म्हणून सोडून देता येत नाही. देवाशी भांडावं, रुसावं, त्याला गाऱ्हाणं घालावं, ही सवय मराठी माणसाला अभंगांनी आधीच लावून ठेवली होती.

वाचता वाचता प्रार्थना कशी करायची, याची एक जुनी रीत जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी 1548 साली छापलेल्या ‘आध्यात्मिक साधने’त आहे. शुभवर्तमानातला एक प्रसंग घ्यायचा आणि त्यात स्वतः जाऊन उभं राहायचं. मार्कच्या दहाव्या अध्यायातला बार्तिमय पाहा. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी. लोक दटावतात तरी तो ओरडतच राहतो. हाक आल्यावर अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. येशू त्याला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू? वाचणाऱ्याने इथे थांबायचं आणि या प्रश्नाला स्वतःचं उत्तर द्यायचं. ते बहुधा लगेच सुचत नाही.

‘मला येशू भेटला’ असं ठणकावून सांगणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा येशू नेमका त्यांच्याच मताचा निघतो! अशा वेळी ग्रंथच कामाला येतो. शत्रूवर प्रीती करा, असं बजावणारा येशू कुणाच्याच सोयीचा नाही.

कॅथलिकांपुरतं बोलायचं तर 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्वसामान्य भाविकांनाही बायबल वारंवार वाचायला बजावलं. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ही आता मराठीत आहे. जाडजूड ग्रंथाची धास्ती वाटत असेल तर मार्कपासून सुरुवात करा. अवघे 16 अध्याय आहेत. बोरिवली-चर्चगेट जाऊन-येऊन, बसायला जागा मिळाली तर, वाचून होतात.