गंजावर मारलेला रंग



या वेळी लिहायची पाळी माझ्यावर आली. विषय आहे आमचा जुना ट्रॅक्टर. हसू नका, बोलणं शेवटी आपल्याच दाराशी येणार आहे.

मामंजींनी अकरा वर्षांपूर्वी एक मिनी ट्रॅक्टर घेतला होता. अठरा एच.पी.चा, उसाच्या सरीतून आणि भाजीच्या वाफ्यांतून फिरेल एवढा. मामंजी गेले, शेत वाट्याने दिलं आणि ट्रॅक्टर दोन पावसाळे पडवीत उभा राहिला. शेवटी विकायचं ठरलं. भावजी म्हणाले, "वहिनी, असा गंजका कोण घेतंय? दोन दिवसांत कलर मारून घेतो. चार हजार जातील, पंधरा हजार जास्त येतील."

मी काही बोलले नाही. विकायची वस्तू नीटनेटकी करावी, यात वावगं काय? मुलीला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतोच की.

रंगारी आला. घराच्या ग्रिलला रंग देताना मी कितीदा राबले आहे, त्यामुळे रीत मला माहीत आहे. आधी तेलकटपणा धुवायचा, पॉलिश पेपरने गंज खरवडायचा, मग रेड ऑक्साईडचा हात, तो वाळला की वर रंगाचे दोन हात. याने यातलं काहीच केलं नाही. ओल्या फडक्याने वरवर पुसलं, कॉम्प्रेसर लावला आणि गन मारायला लागला. ग्रीसच्या निपलांवर रंग, रबरी पाइपांवर रंग, वायरींवर रंग, टायरच्या कडेला रंग, नंबर कोरलेल्या कंपनीच्या पट्टीवरसुद्धा रंग! चहा देताना मी म्हटलं, "दादा, खाली गंज तसाच आहे."

तो हसला. "मावशी, विकायची गाडी आहे ना? ठेवायची असती तर खरवडली असती."

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

गंज झाकला म्हणून थांबत नाही. लोखंड, पाणी आणि हवा यांचं आतल्या आत चालूच राहतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो फुगतो आणि वरच्या रंगाला फोड येतात. एकदोन पावसांत पापड सुटायला लागतात. पण तोवर गाडी दुसऱ्याच्या अंगणात गेलेली असते.

बरं, गोष्ट गंजाचीच असती तर एक वेळ सोडून दिली असती. पुढचा एक्सल एकदा तडकला होता, मामंजींनी त्याला वेल्डिंग करून घेतलं होतं. मागच्या चाकाशी ऑइल गळायचं. वेल्डिंगची जागा आणि ऑइलचा डाग, दोन्ही रंगाखाली गेले.

आठ दिवसांनी खानापूरकडचा एक तरुण आईला घेऊन आला. भावजी कागद आणायला आत गेले होते. त्याने मला विचारलं, "मावशी, गाडीचं काही काम निघणार नाही ना? असेल तर सांगा, नाहीतर काही नाही असंच धरतो." मी चहाच्या ट्रेकडे बघत राहिले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याने पाच हजार इसार दिला आणि दोघं गेली.

आमची मुलगी वकिलीचं शिकते. रात्री तिला म्हटलं, "आपल्या ओळखीत असं असं झालं, त्यात काय चुकलं गं?" तिने पुस्तकच उघडलं. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७. दोष माहीत असून तो मुद्दाम झाकला तर ते कपट. नुसतं गप्प राहणं मात्र सहसा कपट नाही. पुढे कायद्यातच घोड्याचं उदाहरण दिलं आहे. घोडा धड नाही हे माहीत असून एकाने तो लिलावात विकला आणि दोषाबद्दल काही बोलला नाही, तर ते कपट होत नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा धड आहे असं मी समजतो", तर तिथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच.

वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, हे ओळखीतलं नाही ना?"

त्या रात्री झोप लागली नाही. मी स्वतःला समजावत होते की मी खोटं बोलले नाही. पण माझ्या वतीने तो रंग बोलत होता. "सगळं ठीक आहे" असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता आणि मी त्याला बोलू देत होते.

त्याहून जास्त टोचलं ते मुलीचं उदाहरण. परक्याशी गप्प बसलं तर चालतं, मुलीशी चालत नाही. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, ती त्याने नात्यावर ओढली. पण आपण दर गुरुवारी एकत्र बसतो, एकमेकांना माउली म्हणतो, सर्वांत एकच आहे असं म्हणतो. मग आपली रेघ कुठे? सत्संगाच्या दारापर्यंतच? तो मुलगा खानापूरचा, अनोळखी. त्याची आई माझ्याच वयाची होती.

सकाळी ह्यांना सांगितलं. हे थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनीच त्या मुलाला फोन लावला. तो मिस्त्री घेऊन आला. आम्ही वेल्डिंग दाखवलं, गळती सांगितली. बारा हजार कमी करून त्याने गाडी नेली.

भावजींचं म्हणणंही इथे मांडायला हवं. ते म्हणाले, "सगळेच रंग मारतात. घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. आपण एकट्यानेच का मागे राहायचं?" मी अर्थशास्त्राची पदवीधर. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला, पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साधं आहे. चांगली गाडी कुठली, वाईट कुठली हे घेणाऱ्याला कळेनासं झालं की तो चांगल्या गाडीलाही पूर्ण भाव देत नाही. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठतो आणि वाईटच गाड्या मागे राहतात. म्हणजे "सगळेच मारतात" यात नुकसानही सगळ्यांचंच होतं.

पण भावजींच्या दुसऱ्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "वहिनी, तुमचं पुण्य माझ्या खिशातून का?" ट्रॅक्टर निम्मा त्यांचा. खरं बोलण्याचा निर्णय मी घेतला आणि पैसे त्यांचेही गेले. ते बारा हजार आम्ही आमच्या वाट्यातून वळते केले, यंदाची यात्रा पुढे ढकलली. तरी भावजी अजून मोजकंच बोलतात. त्याच दिवशी, रंगारी काम करत असताना मी तोंड उघडलं असतं, तर कोणालाच झळ लागली नसती. उशिरा बोललेल्या खऱ्याची किंमत जास्त द्यावी लागते, हे मी शिकले. आणि ती किंमत बोलणाऱ्याने आपल्या खिशातून द्यावी, हेही.

रंग मारणं पाप नाही. खरवडून, धुऊन मारलेला रंग वस्तू राखतो. ज्या रंगामुळे दोष दिसेनासा होतो, त्यात सारा घोळ आहे. मी आता एक प्रश्न मनाशी धरला आहे. ही वस्तू ठेवायची असती, तर मी हे काम असंच केलं असतं का?

हाच प्रश्न माझ्या साधनेलाही लावून पाहिला. उत्सव जवळ आला की आठ दिवस माझी वाणी गोड होते, सेवेला पहिली हजर असते. जावेबद्दलची जुनी अढी मात्र तशीच आत असते. तिच्यावरून मी किती वर्षं नुसती गन फिरवते आहे! ट्रॅक्टर निदान विकून टाकता येतो. मनाला गिऱ्हाईक मिळणार नाही, ते मलाच ठेवायचं आहे. म्हणजे खरवडायलाच हवं.

गेल्या रविवारी जावेकडे जाऊन आले. फार काही बोलणं झालं नाही. पण पॉलिश पेपरचा पहिला हात फिरला, असं म्हणते.

आपलेही अनुभव जरूर लिहा. चूकभूल माफ असावी.

सद्गुरुचरणी ही सेवा रुजू.

— एक सेविका, बेळगाव