वाचले, समजले आणि सही

बँकेचा फॉर्म असो की सोसायटीचा कागद, ‘वाचले व समजले’ या ओळीखाली आपण डोळे झाकून सही करतो. त्यात पाप ते काय, असे आपल्याला वाटते. पण अशाच एका सहीसाठी 101 वैमानिक अधिकारी मरणाची शिक्षा ओढवून घ्यायला तयार झाले होते.

ही घटना एप्रिल 1945 मधली, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील फ्रीमन फील्ड या विमानतळावरची. 477 व्या बाँबर गटातील हे तरुण कृष्णवर्णीय होते. बी-25 विमानांवर त्यांचे प्रशिक्षण चालले होते. महायुद्ध संपले तरी या गटाला आघाडीवर पाठवले गेले नाही. त्यांची सारी सेवा मायदेशातच झाली. तळावर अधिकाऱ्यांचे दोन क्लब होते. अशा क्लबमधील वर्णभेदाला लष्करी नियमांत जागा नव्हती, म्हणून प्रमुख कर्नल सेल्वे यांनी युक्ती काढली : एक क्लब ‘प्रशिक्षकां’चा, दुसरा ‘प्रशिक्षणार्थीं’चा. आणि कृष्णवर्णीय अधिकारी सगळे प्रशिक्षणार्थी! कागदावर रंगाचा उल्लेखही नाही.

5 एप्रिलच्या संध्याकाळी हे अधिकारी लहान लहान गटांनी, नि:शस्त्र, गोऱ्यांच्या क्लबमध्ये गेले. अटक झाली, ती बहुतेकांनी मुकाट्याने स्वीकारली. मग हा नियम लेखी काढून, वाचून समजल्याची सही करण्याचा हुकूम एकेकाला देण्यात आला. 101 जणांनी नकार दिला. युद्धकाळात वरिष्ठाचा हुकूम मोडणाऱ्याला लष्करी कायद्याच्या 64 व्या कलमानुसार देहदंडही होऊ शकत होता.

बंधू-भगिनींनो, येथे प्रश्न सोपा नाही. आज्ञापालनावाचून सैन्य चालत नाही. आकाशात एकाने आज्ञा मोडली तर विमानातील सारेच मरतात. प्रत्येकजण हुकूम तोलू लागला तर कसे व्हायचे? शिवाय सही केवळ ‘वाचले, समजले’ एवढ्याचीच होती. ‘पटले’ असे कोणी लिहून मागितले नव्हते. मग अडले कुठे? मला वाटते, त्या कागदावर जे लिहिले होते ते खोटे होते हे सही घेणाऱ्यालाही ठाऊक होते. खोट्याला साक्षीदार हवा होता, आणि तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यातूनच हवा होता. त्यांनी उड्डाण नाकारले नाही, कवायत नाकारली नाही, अटकही नाकारली नाही. नाकारली ती एवढी साक्ष.

सही करणारेही होते. त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरी आई-बाप, बायको-मुले कोणाला नसतात?

101 जणांना ठपक्याचे पत्र देऊन सोडण्यात आले. क्लबच्या दारातील प्रकरणावरून तिघांवर खटला चालला. दोघे सुटले, रॉजर टेरी यांना 150 डॉलर दंड झाला. सही नाकारणाऱ्यांपैकी कोलमन यंग पुढे डेट्रॉइटचे महापौर झाले. 1948 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. 1995 मध्ये हवाई दलाने टेरी यांची शिक्षा रद्द केली आणि ज्यांनी अर्ज केला होता त्यांची ठपक्याची पत्रे काढून टाकली. असे अर्जदार पंधराच होते.